हात बधिर झाला, दहा मिनिटांत बरा झाला: आता काय करायचं?

आत्या सकाळी भाकऱ्या करत होती. तव्यावर टाकलेल्या भाकरीवरून पाण्याचा हात फिरवताना तिच्या लक्षात आलं की उजव्या हाताची बोटं ओली झाल्याचं कळतच नाहीये. गॅस बंद करून ती खाली बसली. सुनेनं चहा दिला. बशीतला चहा ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळला, तोही तिला कळला नाही, सुनेनं सांगितला. दहा-बारा मिनिटांत बोटं जागेवर आली, ओठ जागेवर आला. "रात्री हातावर झोपले असेन," म्हणत तिनं उरलेल्या भाकऱ्या केल्या. संध्याकाळी जवळच्या दवाखान्यात बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन घेतलं. तिसऱ्या दिवशी पहाटे उजवा हात-पाय लुळा पडला आणि तोंडातून शब्द फुटेना.

त्या दहा मिनिटांना आम्ही सगळ्यांनी 'बरं झालं बाई' म्हटलं. खरं तर तेव्हाच तिला गाडीत घालायला हवं होतं. ज्यांनी घरात पक्षाघात कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. पण त्यानंतरच्या काही महिन्यांत न्यूरॉलॉजीच्या ओपीडीबाहेर इतके तास बसलो की कोणता बधिरपणा घाबरण्याजोगा आणि कोणता नाही, एवढं शिकून घेतलं.

आधी हे होतं काय ते समजून घ्या

मेंदूच्या एखाद्या भागाकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली की तो भाग काम थांबवतो. गुठळी तिथेच राहिली (किंवा कधी वाहिनीच फुटली) तर तो भाग मरतो. त्यालाच स्ट्रोक, पक्षाघात, लकवा किंवा आपल्या जुन्या भाषेत 'अंगावरून वारं जाणं' म्हणतात. कधीकधी गुठळी लहान असते आणि शरीर ती स्वतःच विरघळवतं. रक्त पुन्हा वाहू लागतं, हात पुन्हा चालू लागतो. याला डॉक्टर टीआयए म्हणतात, बोलीभाषेत मिनी स्ट्रोक. बहुतेक वेळा हा प्रकार काही मिनिटांत, फार तर तासाभरात संपतो. गुठळी विरघळली, पण ती जिथून सुटली ती जागा तशीच असते: मानेतल्या धमनीवरचा चरबीचा थर, अनियमित ठोके पडणारं हृदय, वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीनं खराब झालेल्या बारीक वाहिन्या. पुढची गुठळी कुठे आणि किती वेळ अडकेल, हे कुणाच्याच हातात नसतं.

जुन्या पाहण्यांमध्ये टीआयए झालेल्या दर १०० जणांपैकी साधारण १० जणांना पुढच्या तीन महिन्यांत मोठा स्ट्रोक आल्याचं दिसलं आणि त्यातले निम्मे पहिल्या ४८ तासांत. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचा २००७ सालचा एक्सप्रेस नावाचा अभ्यास माझ्या डोक्यातून जात नाही. तिथे अशा रुग्णांची तपासणी आणि औषधं लगेच सुरू केली, तेव्हा तीन महिन्यांतल्या स्ट्रोकचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं. औषधं नेहमीचीच होती. फक्त ती लवकर दिली.

पहिली पायरी: शब्द नीट वापरा

ही पायरी कुणी सांगत नाही, पण आमचं घोडं इथेच पेंड खाल्लं. आपल्याकडे हाताला काहीही झालं की 'मुंग्या आल्या' म्हणायची सवय आहे. आत्याही डॉक्टरांना हेच म्हणाली. वय ६०च्या पुढे, शाकाहारी, हाताला मुंग्या. डॉक्टरांच्या डोक्यात बी-१२ची कमतरता आली, यात त्यांचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही. बोटांबरोबर ओठही गेला होता आणि सगळं एका क्षणात सुरू झालं होतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

तीन गोष्टी वेगळ्या करून सांगायला शिका. पहिली, संवेदना कमी होणं: चिमटा काढला तर कळत नाही, गार-गरम कळत नाही, भूल दिल्यासारखं वाटतं. हा खरा बधिरपणा. दुसरी, नको ती संवेदना येणं: मुंग्या, झिणझिण्या, सुया टोचल्यासारखं, आग होणं. तिसरी, ताकद जाणं: कप सुटला, ब्लाउजचं हुक लागेना, चप्पल पायातून निसटली तरी कळलं नाही, पाय ओढत चालावं लागलं. स्ट्रोकमध्ये पहिली आणि तिसरी जास्त दिसतात. दुसरीही असू शकते, म्हणून 'नुसत्या मुंग्याच तर होत्या' एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

'अशक्तपणा' हा शब्द तर टाळाच. मराठीत अशक्तपणा म्हणजे तापातून उठल्यावरचा थकवा. 'उजव्या हातात अशक्तपणा आला' म्हटलं की ऐकणारा टॉनिक लिहून देतो. 'उजव्या हातातली ताकद गेली, तांब्या धरता येईना' असं सांगा. 'चक्कर आली' याचंही तेच. डोळ्यांपुढे अंधारी आली, घर गरगर फिरलं, की चालताना तोल एका बाजूला जात होता? तिन्हींची कारणं वेगळी असतात.

दुसरी पायरी: घड्याळ बघा

बाकी काही करण्याआधी वेळ बघा आणि लिहून ठेवा. मोबाइलवर स्वतःलाच एक मेसेज टाकला तरी चालेल. दवाखान्यात पहिला प्रश्न 'कधी सुरू झालं?' हा असतो. त्यामागचा खरा प्रश्न 'शेवटचं पूर्ण ठीक कधी होतं?' असा असतो. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ते तास शेवटच्या ठीक वेळेपासून मोजतात. कुणी सकाळी सहाला उठलं आणि हात बधिर दिसला, तर घड्याळ सहाला नाही, रात्री झोपल्यापासून चालू झालेलं असतं. पण 'पहाटे चारला बाथरूमला गेले होते तेव्हा ठीक होते' असं घरातल्या कुणाला आठवलं, तर तेवढ्यानं उपचाराचा निर्णय बदलू शकतो. म्हणून आजोबा रात्री कितीला उठले, हे आजीला जरूर विचारा.

तिसरी पायरी: चार प्रश्न

एकदम आलं का? स्ट्रोकचा बधिरपणा दिवा गेल्यासारखा येतो. आत्ता होतं, आत्ता नाही. महिनाभरात हळूहळू वाढलेला बधिरपणा दाखवायला हवाच, पण तो वेगळ्या रांगेतला.

एकाच बाजूला आहे का? मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू सांभाळतो, उजवा भाग डावी. त्यामुळे चेहरा, हात, पाय यांपैकी दोन किंवा तिन्ही एकाच बाजूचे गेले की डोळे उघडायला हवेत. आत्याचं ओठाचा कोपरा आणि त्याच बाजूची बोटं हे गणित तर पुस्तकात सापडतं तसं होतं. मेंदूच्या आत खोलवर थॅलॅमस नावाचं एक जंक्शन आहे. ओठ आणि बोटं शरीरात एकमेकांपासून लांब असली तरी तिथे त्यांच्या तारा शेजारीशेजारी असतात. तिथे तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेचं रक्त तुटलं तरी दोन्ही एकत्र बधिर होतात. हातावर झोपल्यानं ओठ बधिर होत नाही. हे एवढं वाक्य त्या दिवशी मला माहीत असायला हवं होतं.

दाबलं गेलं होतं का? पंगतीत तासभर मांडी घालून बसलात, उठताना पाय 'झोपला', मग मुंग्यांचा कल्लोळ होऊन दोन मिनिटांत जागा झाला, तर ती दबलेली नस. सोडून द्या. पण काहीही दाबलेलं नसताना, चालता-बोलता, भांडी घासता घासता हात गेला, तर नाही.

सोबत आणखी काही? बोलणं जड होणं, शब्द न सापडणं, समोरच्याचं बोलणं न कळणं, तोंड वाकडं होणं, एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं होणं, दोन-दोन दिसणं, तोल जाणं, आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी. यातलं एक जरी बधिरपणाबरोबर असलं, तर पुढचं वाचत बसू नका. १०८ लावा.

चौथी पायरी: दोन मिनिटांची तपासणी

जगभर तोंड, हात आणि बोलणं हीच तीन चाचणी म्हणून शिकवतात. आपल्या घरात ती अशी करा.

'दात दाखव' म्हणा. 'हस' म्हटलं की घाबरलेला माणूस हसत नाही. एका बाजूचा ओठ खाली राहतो का बघा. मग दोन्ही हात पुढे खांद्याच्या उंचीवर, तळवे वर, प्रसाद घेतल्यासारखे धरायला सांगा, डोळे मिटायला सांगा आणि मनात दहा मोजा. एक हात खाली सरकतो का किंवा तळवा आत वळतो का? मग बोलायला लावा. एखादं साधं वाक्य तुमच्यामागून म्हणायला सांगा आणि 'सकाळी काय खाल्लंस?' असं काहीतरी विचारा. 'कच्चा पापड पक्का पापड' म्हणायला लावू नका, ते धडधाकट माणसालाही जमत नाही. शब्द बोबडे येतात का आणि उत्तर प्रश्नाला धरून आहे का, दोन्ही ऐका.

बधिरपणासाठी मी एक जास्तीची चाचणी करतो. स्टीलचा चमचा माठाच्या पाण्यात बुडवून डोळे मिटलेल्या माणसाच्या दोन्ही गालांना, दोन्ही हातांना, दोन्ही पायांना आळीपाळीनं लावायचा आणि 'दोन्हीकडे सारखाच गार लागतो का?' विचारायचं. फरक सांगितला तर तो लिहून घ्या.

चाचणीत सगळं ठीक निघालं म्हणजे माणूस सुटला, असं मात्र नाही. नुसत्या बधिरपणाचा स्ट्रोक असतो. त्यात तोंड सरळ, हात वर, बोलणं स्वच्छ. या तपासणीत काही सापडलं तर लकवा समजूनच निघा. काही सापडलं नाही तर तिसऱ्या पायरीवरची उत्तरं पुन्हा बघा.

मग घाबरायचं नाही असा बधिरपणा कोणता?

प्रत्येक मुंगीला रुग्णवाहिका बोलवायची नाही, म्हणून हेही समजून घ्या.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होऊन झोपमोड होते आणि हात झटकला की बरं वाटतं, तर ती बहुधा मनगटात दबलेली नस, म्हणजे कार्पल टनेल. कणीक मळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, दिवसभर कीबोर्डवर असणाऱ्या बायकांमध्ये हमखास दिसते. करंगळी आणि तिच्याशेजारचं अर्धं बोट असेल तर कोपरापाशी बघा. कोपर टेकून फोनवर तासन्तास बोलणाऱ्यांचं हे दुखणं. घट्ट पट्ट्यानं किंवा वाढलेल्या पोटानं मांडीची बाहेरची बाजू बधिर होते. मानेतून खांद्यात आणि हातात उतरणारी कळ, मान वळवली की वाढणारी, ती मणक्याची. या सगळ्यांत एकाच नसेचा ठरलेला पट्टा असतो, बोटानं दाखवता येईल इतका नेमका, आणि ते पुन्हा पुन्हा तसंच होतं.

दोन्ही पायांचे तळवे, मोजे घातल्यासारखे, महिनोन्महिने बधिर: मधुमेह किंवा बी-१२. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावं. हे सावकाश चालतं, पण टाळू नका, कारण अशा पायाला खिळा लागला तरी कळत नाही.

घाबरल्यावर भराभर श्वास घेतला की ओठांभोवती आणि दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या येतात. दोन्ही बाजूंना येतात ही खूण.

अर्धशिशीवाल्यांची गोष्ट जरा नाजूक आहे. डोकं दुखण्याआधी बोटांतून मनगटाकडे, दंडाकडे, मग ओठाकडे मुंग्या पाच ते वीस मिनिटांत हळूहळू सरकत जातात. सरकत जाणं हे अर्धशिशीचं वळण, स्ट्रोकमध्ये सगळं एकाच क्षणी होतं. तरीही आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं असेल, त्यातून वय पन्नाशीच्या पुढचं असेल, तर 'अर्धशिशी असेल' हे तुम्ही ठरवू नका.

आणखी एक. दोन्ही पायांपासून सुरू होऊन दोन-तीन दिवसांत वर चढणारा बधिरपणा आणि सोबत पाय लटपटणं, हा गिया बारे सिंड्रोम (जीबीएस, नसांचा आजार) असू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात त्याचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा जीबीएस हा शब्द घराघरांत पोहोचला. तो स्ट्रोक नाही, पण श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो. त्यालाही थांबायचं नसतं.

पाचवी पायरी: निघा

लक्षण चालू असेल तर महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८, देशभरात कुठेही ११२. फोनवर 'पेशंट सीरियस आहे' एवढंच सांगू नका. 'लकव्याची लक्षणं आहेत, इतके वाजता सुरू झाली' असं सांगा. खेड्यात रुग्णवाहिका यायला वेळ लागणार असेल तर गावातली जीप काढा. माणसाला मागच्या सीटवर आडवं, थोडं कुशीवर ठेवा आणि जवळ कुणीतरी बसा. मोटारसायकलवर पुढे एक, मागे एक आणि मधे पेशंट, हे आपल्याकडे सर्रास चालतं. ज्याचा हात बधिर आहे तो कशाला धरून बसणार? स्वतःला लक्षण आलं असेल तर गाडी स्वतः चालवायची नाही. अंतर पाचच मिनिटांचं असलं तरी नाही.

कुठे जायचं? जवळचा दवाखाना नव्हे, तर जिथे २४ तास सीटी स्कॅन आणि स्ट्रोकचं इंजेक्शन देण्याची सोय आहे असं जवळचं रुग्णालय. आपल्या भागात ते कोणतं, हे आजच फोन करून विचारून ठेवा. 'तुमच्याकडे रात्री सीटी होतो का? स्ट्रोकचं थ्रोम्बोलायसिस करता का?' हे दोनच प्रश्न. थ्रोम्बोलायसिस म्हणजे ते गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन. उत्तर फ्रिजवर चिकटवा. मोठी वाहिनी बंद झालेल्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी जातात, आणि चुकीच्या दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास सहज जातो.

निघताना चालू औषधांची पिशवी, जुनी फाइल, आधार आणि रेशनकार्ड घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला ही कागदपत्रं लागतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिची पट्टी वेगळी खिशात ठेवा. तिच्यावरून इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरतं.

मुलांकडे परदेशी गेलेले आईवडील बिलाच्या भीतीनं हे लपवतात, हे मी दोन घरांत पाहिलं आहे. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. जाण्याआधी हा नंबर त्यांच्या फोनमध्ये घाला आणि विम्याचं काय करायचं ते तेव्हाच बोलून घ्या.

हे करू नका

पाणी, चहा, साखर-पाणी पाजू नका. गिळण्याचे स्नायूही झोपलेले असू शकतात, मग पाणी फुप्फुसात जातं. घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर जरूर तपासा, कारण साखर ७०च्या खाली गेली तर हुबेहूब लकव्यासारखं दिसू शकतं. माणूस पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तरच ग्लुकोज द्या, आणि गाडी तरीही काढा.

जिभेखाली बीपीची गोळी ठेवू नका. स्ट्रोकमध्ये बीपी वाढलेलं दिसणारच, अडलेल्या जागेपलीकडे रक्त ढकलायला शरीरच ते वाढवतं. ते एकदम पाडलं तर मेंदूचा आणखी भाग उपाशी राहतो. ॲस्पिरिनही स्वतःहून नको. हार्ट ॲटॅकसाठी ऐकलेलं इथे लावू नका. वाहिनी बंद झाली आहे की फुटली आहे हे सीटी केल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही, आणि फुटलेली असेल तर ॲस्पिरिननं रक्तस्राव वाढेल.

तेल-मालिश, कांदा हुंगवणं, दृष्ट काढणं, कबुतराचं रक्त लावणं, बोटांची टोकं सुईनं टोचून रक्त काढणं (हे शेवटचं व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी फिरतं). यांतल्या काही गोष्टी निरुपद्रवी आहेत, पण प्रत्येकीत वेळ जातो.

सहावी पायरी: गेलं तरी जा

ही पायरी सगळ्यांत अवघड, कारण इथे भांडावं लागतं. हात पूर्ण बरा झालेला असतो, माणूस हसत असतो, 'उगाच खर्च' म्हणत असतो, शेतात पाण्याची पाळी असते, नाहीतर दुसऱ्या दिवशी एकादशी असते. तरी त्याच दिवशी जायचं. उद्या नाही, आणि सोमवारी ओपीडीत तर नाहीच. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये टीआयएचा संशय असलेल्या माणसाला तज्ज्ञानं २४ तासांच्या आत बघावं असं म्हटलं आहे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर ताकद किंवा बोलणं गेलेल्या टीआयएपेक्षा नुसत्या बधिरपणाच्या टीआयएनंतर मोठ्या स्ट्रोकचा धोका कमी असतो. बरेच डॉक्टर एबीसीडी-टू नावाचे गुण मोजतात: वय, बीपी, लक्षण, किती वेळ टिकलं, मधुमेह. त्यात एका बाजूची ताकद गेली तर २ गुण, नुसतं बोलणं गेलं तर १, आणि नुसत्या बधिरपणाला शून्य. म्हणून 'स्कोअर कमी आहे, घरी जा' असं कुणी म्हटलं तर नम्रपणे विचारा, 'एमआरआय आणि मानेच्या धमन्यांची तपासणी करायची का?' आत्याचा तर स्कोअरसुद्धा कुणी मोजला नव्हता.

सातवी पायरी: डॉक्टरांना काय सांगायचं

एका श्वासात सांगता येईल असं वाक्य तयार ठेवा: 'सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी अचानक उजव्या हाताची बोटं आणि ओठांचा उजवा कोपरा एकाच वेळी बधिर झाला, बारा मिनिटं राहिला, आता पूर्ण ठीक आहे, टीआयए असेल का?' शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. 'गुगल करून आलात का?' असं ऐकावं लागलं तर ऐकून घ्या.

जोडीला या गोष्टी न विचारताच सांगा. तंबाखू, गुटखा, विडी आणि मशेरी. घरातल्या बायका मशेरीला व्यसनात धरतच नाहीत, म्हणून त्या 'काही नाही' म्हणतात. छातीत धडधड होते का. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, कारण संधिवाताच्या तापानं खराब झालेली हृदयाची झडप तिशीतल्या माणसालाही स्ट्रोक देते. सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडून घेतली होती का. हसू नका. त्या झटक्यानं मानेतल्या धमनीचा आतला पापुद्रा फाटू शकतो. आणि बायकांनी नुकतं बाळंतपण झालं असेल किंवा गौरी-गणपतीसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या असतील तर ते सांगायलाच हवं. मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी होण्याशी या दोन्हींचा संबंध आहे. त्यात बधिरपणाबरोबर डोकेदुखी किंवा झटकेही येऊ शकतात. सासूबाईंसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा.

तपासण्या आणि त्यापुढे

पहिला साधा सीटी, रक्तस्राव नाही ना हे बघायला. तो नॉर्मल येणं टीआयएमध्ये अपेक्षितच असतं. 'सीटी नॉर्मल आहे, काही झालेलं नाही' हा निष्कर्ष चूक. एमआरआयमध्ये, त्यातल्या डिफ्यूजन नावाच्या चित्रात, टीआयए म्हणून आलेल्या साधारण एकतृतीयांश लोकांच्या मेंदूत ताजा डाग सापडतो. म्हणजे लक्षण गेलं तरी इजा झालेली असते. मग मानेच्या धमन्यांची डॉपलर किंवा अँजिओग्राफी, ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), साखर, कोलेस्टेरॉल. साध्या ईसीजीत ठोक्यांची अनियमितता निसटते, म्हणून कधी एक किंवा जास्त दिवस छातीला ठोके नोंदवणारी होल्टरची डबी लावून घरी पाठवतात.

मानेतली धमनी निम्म्याहून जास्त अरुंद निघाली आणि बधिरपणा त्याच धमनीच्या भागाचा असला, तर ऑपरेशनचा विचार होतो, शक्यतो दोन आठवड्यांच्या आत. बाकी बऱ्याच जणांना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या साधारण २१ दिवस आणि नंतर त्यातली एकच, सोबत कोलेस्टेरॉलची स्टॅटिन आणि बीपीची गोळी. ठोके अनियमित असतील तर रक्त पातळ करणारी वेगळी गोळी. या २१ दिवसांत गोंधळ होतो: कुणी दोन्ही बंद करून टाकतं, कुणी दोन्ही वर्षभर चालू ठेवतं. पट्टीवर पेननं तारीख लिहा, 'ही या दिवसापर्यंत', 'ही चालूच', आणि ती तारीख डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. दात काढायचा असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल आणि कुणी 'रक्त पातळ करणारी गोळी बंद करा' म्हटलं, तर ती ज्यांनी सुरू केली त्यांना आधी फोन करा.